पलटी मारली की बाज पालटला?

मालवणच्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आहे. इलेक्ट्रॉनिक संगीतातला एखादा आवडता प्रोड्यूसर आपला नेहमीचा जॉनर, म्हणजे संगीतप्रकार, सोडून दुसरीकडे वळला, की मित्रांत लगेच शेरा येतो, ‘तेना पलटी मारल्यान’. हा प्रयोग बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावं? आणि तो जॉनर की ते जॉनर?

प्रयोग बरोबर नाही. पलटीचे उघड अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत. ट्रक पलटी होतो, होडी पलटी खाते. त्यात वेळ घालवत नाही. पण पक्ष बदलणाऱ्या आमदाराला जे शब्द लावायचे तेच एका संगीतकाराला लावायचे, हे मला सहन होत नाही. कुडाळच्या स्टँडवर, गणपतीच्या मांडवात, गोव्याहून परतणाऱ्या पोरांच्या तोंडी, सगळीकडे हेच ऐकतो आहे. काही जण तर ‘बाटला’ म्हणतात. माणसांना वाळीत टाकायला वापरलेला शब्द गाण्याला लावू नये, एवढं सांगून तो सोडतो.

आता मूळ पाहू, कारण ते फार सुंदर आहे. संस्कृतात ‘अस्’ म्हणजे फेकणे. त्याला ‘परि’ जोडला की ‘पर्यस्त’: फिरवून टाकलेलं, उलटवलेलं. प्राकृतात काही शब्दांत ‘र्य’चा ‘ल्ल’ होतो. पर्यंकाचा पल्लंक झाला आणि आपल्याला पलंग मिळाला. पर्याणाचं पल्लाण झालं आणि घोड्याच्या पाठीवर पालाण आलं. तसाच पर्यस्ताचा पल्लट्ट. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या धातूची तीन रूपं नोंदवली आहेत: पलोट्ट, पल्लट्ट आणि पल्हत्थ. मराठीत येताना द्वित्त सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. त्याच नियमाने पल्लट्टाचा पालट झाला. आणि पल्हत्थाचं काय झालं? पालथा! ज्या घड्यावर पाणी ओतून उपयोग नसतो तो पालथा आणि हवापालटातला पालट, हे सख्खे भाऊ आहेत. एकाने ‘ट’ धरला, दुसऱ्याने ‘थ’, आणि अर्थही वाटून घेतले. उलटं पडून राहिलं ते पालथं. फिरून नव्या रूपात उभं राहिलं तो पालट. ही वाटणी ज्या कोणी बोलता बोलता केली, त्या निरक्षर पूर्वजांपुढे मी हात जोडतो.

यावर दोन मंडळी मला नेहमी अडवतात. पहिली म्हणतात, पलटी हा पलटणीतून आला, सैनिक ‘पीछे मूड’ करतात म्हणून. हे साफ चूक आहे. पलटण हा इंग्रजांच्या फौजेबरोबर आलेला शब्द. त्याच्या किती तरी शतकं आधी पल्लट्ट हेमचंद्राच्या व्याकरणात बसलेला होता. आवाज जुळला म्हणून नातं जोडायचं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. दुसरी मंडळी भाषाशुद्धीवाली. त्यांचं म्हणणं, पलटी हिंदी आहे, हाकलून द्या. रूप हिंदी वळणाचं आहे हे मान्य. मराठीच्या नियमाने ‘पा’ दीर्घच हवा. पण रक्त एकच आहे. शब्द हाकलण्याआधी त्याचं घराणं तपासायचे कष्ट ही मंडळी घेत नाहीत.

माझा मुद्दा वेगळा आहे. पालटाच्या पोटी फितुरी कधीच नव्हती. मराठीने केलेले त्याचे समास पाहा: हवापालट, वेषपालट, पिकांची फेरपालट. दिवस पालटतात, वारा पालटतो. यात कोणी कोणाचा विश्वासघात केलेला नाही. आणि खांदेपालट! मंत्रिमंडळाच्या बातम्यांनी हा शब्द नासवला. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा तो डोळ्यांनी पाहावा. घाटी चढताना खांदेकरी दमतो. खांद्यावरची टॉवेलाची घडी तो एका हाताने पलीकडे टाकतो, मान किंचित वाकवून दांड्याखालून निघतो आणि दुसरा खांदा लावतो. पालखी तसूभरही झुकत नाही. ढोल चालूच. देव तोच, भार तोच, फक्त खांदा दुसरा.

मग फितुरी आली कुठून? माझ्या मते ती पलटीत नाही, ‘मारणे’त आहे. थाप मारणे, दांडी मारणे, डल्ला मारणे, कल्टी मारणे: हे क्रियापद मागे लागलं की कृती झटपट आणि लबाडीची होते. उडी मारणे किंवा शिट्टी मारणे यांत लबाडी नाही असं कोणी म्हणेल, पण झटपटपणा त्यांतही आहेच. शिवाय पलटीच्या शेजारी कल्टी हा यमकाचा सोबती बसला आणि त्याचा रंग हिला लागला. कोशांत हे सापडणार नाही. कोशकार एकेक शब्द सुटा तोलतात, तोंडात मात्र शब्द जोडीने फिरतात.

आता संगीत. या क्षेत्रात प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा नव्हे. संगणकावर आणि सिंथेसायझरवर ध्वनी घडवून गाणं रचणारा. स्वीडनच्या अविचीचं उदाहरण घ्या. हे नाव आपलंच आहे: अवीचि, बौद्ध ग्रंथांतला सर्वांत खालचा नरक. ‘वीचि’ म्हणजे लाट. जिथे लाटच नाही, उसंतच नाही, तो अवीचि. मार्च 2013मध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात हा माणूस मंचावर गिटार आणि ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या धाटणीचे वादक घेऊन आला. नाचायला आलेले चाहते गोंधळले, भडकले, संपला म्हणाले. त्याच उन्हाळ्यात त्यातलं ‘वेक मी अप’ देशोदेशी पहिल्या क्रमांकावर गेलं. नीट ऐका: कडव्यात गिटार आहे, पण पुढे हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा ठोका ठाम उभा आहे. याला तबलजींकडे नेमका शब्द आहे, पलटा. कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची बांधलेली रचना, वाजवला की त्याचे पलटे येतात, आणि पलट्यात कायद्याबाहेरचा बोल घ्यायचा नसतो. पेटी शिकणारं पोर सारेग, रेगम, गमप घोकतं तेही पलटेच. स्वर तेच, आरंभ दुसरा. पर्यस्ताचा हा सर्वांत देखणा वंशज, आणि चाहत्यांनी तो सोडून पलटी उचलली!

टिएस्टोचं प्रकरण वेगळं. हा डच डीजे ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकाराचा राजा. 2004च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात वाजवलेला. 2009च्या आल्बमपासून तो ट्रान्सपासून दूर गेला आणि पुढे हाउसमध्ये रमला. ट्रान्सची लय मिनिटाला साधारण 130 ते 140 ठोक्यांची, लांब चढत जाणारी. हाउसची 120 ते 130च्या आसपास. ज्याचं शरीर पहिल्या लयीवर घडलं, त्याला दुसरी ढिली वाटणारच. आपल्या किनाऱ्यावर हे दुःख जास्त खरं आहे, कारण गोवा ट्रान्स इथलाच, हणजुण्याच्या वाळूत वाढलेला. तो आवडणाऱ्याला ‘आमचं काही तरी गेलं’ असं वाटलं तर मी त्याला हसणार नाही. रडावं जरूर, पण शब्द नीट वापरून. हा पलटा नव्हे, बोलच बदलले. इथे बाजपालट म्हणा. हवापालटासारखाच समास आहे, कोणालाही फोड करून सांगावी लागणार नाही.

‘घराणं सोडलं’ असंही काही जण सुचवतात. ते मला पटत नाही. घराण्याला गुरू लागतो, त्याने बांधलेला गंडा लागतो; लॅपटॉपवर एकट्याने शिकलेल्याला कुठलं घराणं? बाज मात्र कोणालाही असतो. तबल्यात दिल्लीचा बंद बाज, पूरबचा खुला बाज, तसाच लावणीचा बाज. वाद्य, वज्ज, मग हिंदीत बजना आणि बाजा, आपल्याकडे वाजणे; वाजवण्याची रीत तो बाज. पतंगबाजातल्या फारसी ‘बाज’शी त्याचा संबंध लावणारे घाई करतात. सिंधुदुर्गात डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, बसलेल्या म्हाताऱ्यांना हा शब्द शिकवावा लागत नाही. बुवांनी गजराला सिनेमाची चाल लावली की मागून आवाज येतो, ‘भजनाचो बाज रवलो नाय’. तक्रार पुरेपूर आहे, पण बुवांना कोणी फितूर म्हटलेलं नाही, आणि पुढच्या गवळणीला तेच म्हातारे टाळ्या धरतात.

राहिला जॉनर. पुल्लिंगीच ठेवा, प्रकार आणि ढंग यांच्या पंक्तीला. बाजही पुल्लिंगी, तो बाज. ‘ती बाज’ म्हटलंत तर ऐकणारा खाट समजेल.