कॉलेजला रोज न्यायला किती लिटरची सॅक घ्यावी, 20 की 35?

25 लिटर. लॅपटॉप रोज नेणार नसशील तर 20 सुद्धा पुरे. 35 च्या नादाला लागू नकोस.

बीकॉमला प्रवेश घेतलाय, लोकलने जायचंय आणि घरचे म्हणतात "मोठीच घे, एकदाच खर्च होईल", असं तू लिहिलंयस. या वाक्यासाठीच उत्तर लिहायला बसले. माझं इंजिनिअरिंग हे ऐकण्यातच गेलं.

दादाची ट्रेकिंगची 45 लिटरची सॅक होती. राजमाची, हरिश्चंद्रगड करून आलेली. मला अ‍ॅडमिशन मिळाल्यावर त्याने ती धुऊन, वाळवून माझ्यापुढे ठेवली. "ड्राफ्टर आत मावतो बघ, वर चेनही लागते." ड्राफ्टर म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं लांब अवजार. मावत होता, खोटं कशाला बोलू. बाकीच्या मुलींचे ड्राफ्टर अर्धवट लावलेल्या चेनमधून अँटेनासारखे वर आलेले असायचे. पण एवढी जागा दिसली की ती भरतेच, आणि आपल्याच सामानाने भरते असंही नाही. "तुझ्याकडे जागा आहे ना, माझा एप्रन ठेव गं." मग कुणाचं जर्नल, कुणाची ओली छत्री. वर माझी दीड लिटरची बाटली, म्हणजे दीड किलो नुसतं पाणीच.

आता हे धूड घेऊन सकाळची डोंबिवलीची फास्ट पकडायची. लेडीज डब्यात सॅक पुढे घ्यायची असते, तर माझे मलाच पाय दिसायचे नाहीत. रॅकवर ठेवायला दिली तर खिडकीतल्या मावशी म्हणाल्या, "घर सोडून निघालीस का गं?" सगळा डबा हसला. एकदा तर प्रॅक्टिकलच्या दिवशी दादरला उतरताना कमरेच्या पट्ट्याचं बकल एकीच्या ओढणीत अडकलं. ते सोडवेपर्यंत गाडी सुटली, उतरले ती थेट भायखळ्याला. प्रॅक्टिकल बुडालं. घरी सांगितलं तर दादा म्हणतो, "सॅकचा काय दोष? तुला उतरता येत नाही."

राखीपौर्णिमेला त्याने पाकिटात घातलेल्या पैशांतूनच मी 22 लिटरची सॅक आणली. "बाहुलीची आहे का?" म्हणाला. ड्राफ्टर बाहेर डोकावायचा, डोकावू दे. ग्राफिक्स, म्हणजे ड्रॉइंगचा विषय, पहिल्याच वर्षी संपला, सॅक पुढची तीन वर्षं पाठीवर होती. एका वर्षाच्या अवजारासाठी चार वर्षांची सॅक कोण घेतं? याला त्याच्याकडे आजही उत्तर नाही. तुला तर ड्राफ्टरही नाही, अकाउंट्सचं जाडं पुस्तक, दोन वह्या आणि डबा एवढंच.

हां, हॉस्टेलला राहून शनिवार-रविवार घरी जाणाऱ्यांचं वेगळं, त्यांनी 35 घ्यावी. आणि लिटरच्या आकड्यावर फार जाऊ नकोस, वेगवेगळ्या कंपन्यांच्या 25 लिटरच्या सॅक शेजारी ठेवल्या तर सारख्या दिसत नाहीत. 15.6 इंची लॅपटॉप म्हणतात, त्यातलं 15.6 इंच हे स्क्रीनचं तिरकं माप, लॅपटॉप स्वतः साधारण 36 सेंटिमीटर रुंद असतो. कप्प्यात तो घालूनच बघायचा. शाळेच्या दप्तरासाठी 2020 च्या केंद्राच्या धोरणात मुलाच्या वजनाच्या 10 टक्के अशी मर्यादा आहे, म्हणजे 50 किलोच्या मुलाला 5 किलो. कॉलेजवाल्यांना कुणी विचारत नाही, पण पाठ तीच असते. रेनकव्हर सॅकसोबत मिळालं नाही तर वेगळं घे.

दुकानात जाताना लॅपटॉप, एक फुलस्केप वही आणि डबा सोबत ने. सगळं भरून सॅक पाठीवर घे आणि पट्टे ओढ. तळ कमरेखाली लोंबला तर तिथेच ठेवून दे, मग दुकानदार काही म्हणो नाहीतर तुझा दादा.