को ताओला पहिल्यांदा जाताय?

बेत छान आहे, जमेल. थायलंडच्या या बेटावर विमानतळ नाही, त्यामुळे शेवटचा टप्पा बोटीचाच, आणि वेळापत्रक त्या बोटीपासून उलटं मांडायचं. नवखे नेमकं उलट करतात: स्वस्त विमान आधी घेतात आणि बोट चुकवतात. वेगवान बोटी बहुतेक सकाळ-दुपारच्याच असतात.

माझ्या मते सुरुवातीला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बँकॉकहून रात्रीची बस, पहाटे किनाऱ्यावरचं चुम्फोन शहर, तिथून सकाळची बोट. बोटीला साधारण दोन तास लागतात. बस आणि बोट एकाच कंपनीच्या जोडतिकिटावर घ्या. बसला उशीर झाला तर पुढची सोय त्यांना करावी लागते. वेगळी तिकिटं असतील तर नुकसान तुमचं. विमानाने दक्षिणेतल्या सुराट थानी शहराला गेलात, तर विमानतळापासून बोट सुटते तो डोनसाक धक्का बसने दीड-दोन तासांवर आहे, हे विसरू नका.

एवढं सांभाळा:
- बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डोन मुआंग. देशांतर्गत विमान कुठून सुटतं ते तिकिटावर पाहा.
- डोनसाकची बोट वाटेतल्या सामुई, फांगान बेटांवरही थांबते. सामानावरचं स्टिकर 'ताओ'चंच आहे ना, बघा.
- बोट लागत असेल तर गोळी अर्धा-एक तास आधी घ्या, आणि मागे, मधोमध बसा.
- नोव्हेंबर टाळा; त्या बाजूला तेव्हाच जोराचा पाऊस असतो, बोटी रद्द होतात.

परतीचं विमान बोटीच्याच दिवशी ठेवू नका. डायव्हिंग करणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, म्हणजे मधे एक मुक्काम हवाच.