काळी तीन, काळी पाच

प्रश्न : गावच्या भजनी मंडळात पंधरा वर्षांपासून खंजिरी वाजवतो. मागच्या महिन्यात पुतण्यानं नागपूरला शास्त्रीय गाण्याला नेलं. पाऊण तास काय चाललं ते समजलंच नाही. बाजूचे 'वा' म्हणत, मी त्यांच्या तोंडाकडे पाहून मान हलवत होतो. राग ओळखता येत नसेल तर हे गाणं ऐकून उपयोग काय?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, अशी मान मीही हलवली आहे. पहिल्या मैफलीत तर अजून वाद्यंच लावताहेत असं समजून मी चहाला बाहेर गेलो. परत आलो तर अर्धा ख्याल होऊन गेलेला.

रागाचं नाव सध्या सोडा. नावं ओळखण्याच्या नादात गाणं ऐकायचं राहून गेलेले जाणकार मी बरेच पाहिलेत.

एक दिवस भजन आटोपलं की पेटीवाल्याला थांबवून घ्या. काळी तीनचा सा धरून, पांढऱ्या पट्टीला हात न लावता, नुसत्या काळ्या पट्ट्या वर-खाली वाजवू द्या. सा, रे, ग, प, ध. हे भूप रागाचे सूर. आता पट्ट्या त्याच, पण सा न्यायचा काळी पाचवर. दुसऱ्या कोणीतरी ती पट्टी दाबून धरायची आणि पेटीवाल्यानं दर वेळी तिच्यावरच येऊन थांबायचं. झाले मालकंस रागाचे सूर! आमच्या पेटीवाल्याचा विश्वास बसेना. त्यानं पट्ट्या दोनदा मोजल्या. (एवढ्यानं राग होत नाही, हे खरं. देशकार रागातही भूपाचेच पाच सूर असतात, पण भूपाचा जीव गंधारात, म्हणजे 'ग'मध्ये, देशकाराचा धैवतात, म्हणजे 'ध'मध्ये.)

ती दाबून धरलेली पट्टी म्हणजेच तंबोरा. सा कुठे आहे, हे तो सारखं सांगत असतो. सुरुवातीची पाच मिनिटं त्याच्याकडेच कान द्या. मग तो पाऊण तास गायक काय करत होता ते उलगडेल. खालच्या 'सा'पासून निघून, एकेका सुरापाशी मुक्काम करत, तो वरच्या 'सा'कडे चालला होता.

आता सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा तुमच्या हातात बसलेल्याच आहेत. विलंबित एकतालाच्या बारा. पण इतक्या सावकाश, की एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांचा एक फेरा, पाऊण-एक मिनिट चालतं आणि मोजणी हरवते. आमची आई एकादशी किती दिवसांवर आली ते बोटांच्या पेरांवर मोजायची. चार बोटं, बारा पेरं. तबल्याच्या पहिल्या 'धिं'ला तर्जनीच्या पहिल्या पेरावर अंगठा ठेवा आणि मात्रेगणिक एकेक पेर सरका. चौथ्या आणि दहाव्या मात्रेला 'तिरकिट' येतं, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या पहिल्याच पेरावर. करंगळीवरचं तिरकिट गेलं की मधे दोनच पेरं, मग सम. बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिच्या सुरुवातीचे बोल, फिरून नेमका तिथं येऊन पडला की 'वा' आपसूक निघते, बाजूच्याकडे पाहावं लागत नाही.

हरभऱ्याच्या जागलीला जातच असाल. भीमसेन जोशींचा मालकंस किंवा किशोरी आमोणकरांचा भूप मोबाइलवर सापडेल. दोन्ही नकोत, एकच घ्या आणि आठ रात्री तोच ऐका. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, मालकंस मध्यरात्र उलटल्यावरचा, म्हणजे जागलीला तोच सोईचा. रानडुकरं आली तर मात्र भीमसेनजींवर विसंबू नका, खंजिरी सोबत ठेवा.