रापणीला जाणारा नातू

"मॅडम, सासरे माझ्या दहा वर्षांच्या मुलाला पहाटे रापण ओढायला नेतात. त्याचं बालपण हिरावलं जातंय ना?"

रापण म्हणजे समुद्रात पसरलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून दोरांनी ओढून घेणं. मालवणजवळच्या गावातून समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या या बाईंचा प्रश्न मला नवा नव्हता. सून शहरात वाढलेली, सासू-सासरे किनाऱ्यावरचे आणि मधे मूल, अशी घरं इकडे बरीच आहेत. हे कुटुंब ठाण्याहून गावी परतलेलं, घराला जोडून होमस्टे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

सासूबाई सोबत होत्या. "तो काय साखरेचो आसा, पाण्यात इरघळतलो?" दहा वर्षांच्या नातवाला आई अजून भरवते, हे त्यांचं खरं दुखणं.

लहानपण कसं असावं याचं जगात एकच माप नाही, हे मी दोघींना सांगून पाहिलं. जपानमध्ये पहिलीतली पोरं आईबापांशिवाय चालत शाळेत जातात, शाळेत मुलंच वर्ग झाडतात, एकमेकांना जेवण वाढतात. डेन्मार्कमध्ये बाळाची गाडी हॉटेलबाहेर ठेवून आईबाप आत कॉफी घेतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. 1997 मध्ये एका डॅनिश आईने न्यूयॉर्कमध्ये हेच केलं, तर तिला अटक झाली आणि बाळ काही दिवस सरकारी ताब्यात गेलं.

"जपान राहू दे हो," सूनबाई म्हणाल्या. "इथे शाळेच्या दिवशी साडेचारला उठवतात." मुद्दा बिनतोड होता.

मुलाशी एकट्याशी बोलले. आधी गप्प. मग त्याने तळहात पुढे केला. दोराचा लालसर वळ. नुसत्या हातांनी ओढायचं नसतं, टाचा रेतीत रोवून अंग मागे टाकायचं, हे त्याने खुर्चीतून उठून करून दाखवलं. "माका पण वाटो गावता. चार बांगडे!" ठाण्याच्या पोराच्या तोंडी मालवणी चांगलीच बसली होती. तक्रारी दोनच: वर्गात डोळे मिटतात, आणि नको म्हटलं की आजोबा दिवसभर बोलत नाहीत.

मग ठरलं ते असं. रापण फक्त रविवारी आणि सुट्टीत, होडीतून आत जायचं नाही, आणि तो नको म्हणाला तर नको. बालमजुरीच्या कायद्यातही 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यात हातभार लावायची मुभा आहे, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नसेल तरच. आजोबा फोनवर लगेच "चलात" म्हणाले. सासूबाईंनी बदल्यात अट घातली: आता हातान जेवूचा.

उठता उठता मी मुलाच्या थोरल्या बहिणीची चौकशी केली. ती तेरा वर्षांची. पाहुणे असले की पहाटे घावणे काढते, भांडी आवरते, मग शाळा.

"ती काय, घरात मदत करते," दोघी एकदमच म्हणाल्या. तासाभरात त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं!

ती किती वाजता झोपते, विचारलं. दोघींना सांगता येईना. मुलाच्या उठण्याची वेळ मात्र आईला मिनिटासकट पाठ होती. पुढच्या वेळी थोरलीला घेऊन या म्हटलं, आणि सीझनमध्ये नाश्ता कोण करणार हे त्याआधी तिच्या वडिलांशी बसून ठरवा.