फुगा आणि उपग्रह: जोड्या लावण्याआधी

ठाण्यात बसून इन्सॅट उपग्रहाच्या साउंडरने (हवेचं थराथराचं मोजमाप वरून घेणारं इन्फ्रारेड उपकरण) दिलेलं तापमान आणि आर्द्रता सांताक्रूझहून सुटणाऱ्या, सेन्सर बांधलेल्या हवामान-फुग्याशी ताडून बघायचं म्हणतोस ना, मग आधी वेळ आणि जागा जुळव. फुग्याच्या फाइलवर ०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपले पहाटेचे ५:३०, असं लिहिलेलं असलं तरी फुगा त्याआधीच सुटतो. मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतो, म्हणजे ३० किलोमीटर गाठायला दीडेक तास लागतो. तोवर वारा त्याला सोडत नाही. हिवाळ्यात वरचा पश्चिमी वारा त्याला पूर्वेला, खाडीपलीकडे ढकलतो. पावसाळ्यात उंचावरचा, पूर्वेकडून येणारा जेट (वेगवान वाऱ्याचा झोत) समुद्राकडे. शक्य असेल तर प्रत्येक पातळीचं खरं ठिकाण घे.

जुलै-ऑगस्टच्या नादी सध्या लागू नकोस, इन्फ्रारेडला ढगाआडचं दिसत नाही.

डिसेंबरच्या पहाटे जमिनीलगतचा उलटा थर (जिथे वर जाताना हवा गार न होता उबदार होते) फुगा टिपतो, उपग्रहाला तो पुसटच दिसतो. म्हणून फुग्याचे आकडे आधी जाड थरांत सरासरून घे, नाहीतर नसती चूक उपग्रहाच्या माथी मारशील.

आर्द्रतेत फुगाही काही ब्रह्मवाक्य नाही, थंड उंचीवर त्याचा सेन्सर मंदावतो. आणि एक खोच: उपग्रहाच्या गणिताला सुरुवातीचा अंदाज हवामानाच्या संगणकीय मॉडेलमधून मिळतो, आणि त्या मॉडेलनेही फुग्यांचीच निरीक्षणं खाल्लेली असतात. त्यामुळे मॉडेलचा तो अंदाजही फुग्याशी वेगळा ताडून बघ, म्हणजे उपग्रहाने स्वतः किती भर घातली ते कळेल.