शेजारच्या चिनी आजी दिवसभर एकट्या असतात. त्यांना स्वयंसेवेत ओढावं का?

तुम्ही लिहिलंय की सॅन फ्रान्सिस्कोत तुमच्या शेजारी मुलाकडे राहायला आलेल्या चिनी आजी नातू शाळेत गेला की खिडकीत बसून असतात. जरूर ओढा त्यांना. पण त्या कुठली चिनी बोलतात, ते आधी त्यांच्या मुलाला विचारा.

मी याच शहरात दर शनिवारी ज्येष्ठांच्या भोजन केंद्रात वाढायला जाते. १८५० च्या आसपास, सोन्याच्या शोधाच्या काळापासून इथे आलेले बहुतेक चिनी लोक दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातले, त्यामुळे इथल्या चायनाटाउनमध्ये कँटनीज आणि तोइशानीज या तिकडच्या बोली रुजल्या. उत्तर चीनमधून आलेल्या, फक्त मँडरिन ही चीनची अधिकृत भाषा बोलणाऱ्या बाईला तिथेही परकंच वाटतं. चिनी माणसांत नेऊन बसवलं की झालं, असं मला वाटायचं. तसं नाही.

आमच्याकडे एक आजी कित्येक महिने कोपऱ्यात जेवून गुपचूप निघून जायच्या. एकदा मी टेबलांवर बर्फाचं पाणी ठेवत होते. त्या उठल्या, माझ्या हातातला जग काढून घेतला आणि आतून गरम पाण्याचे थर्मास घेऊन आल्या. तिथल्या बहुतेकांना जेवताना गरमच पाणी हवं असायचं, आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं! पुढच्या शनिवारी त्या अर्धा तास आधी हजर. आता नव्या माणसाला कुणाशेजारी बसवायचं, तेही त्याच ठरवतात.

या बायकांच्या घरात माणसं असतात हो. पण बँकेचं पत्र, डॉक्टर, औषधाची बाटली, सगळ्यासाठी मुलाचं तोंड बघावं लागतं. जन्मभर दुसऱ्यांचं केलेल्या बाईला हे फार लागतं. म्हणून त्यांना 'करमणुकीला चला' म्हणू नका, काम सांगा. भाजी निवडणं, वाढणं, नव्याने आलेल्यांना बस दाखवणं, काहीही. १९६६ साली चायनाटाउनमध्ये सुरू झालेली 'सेल्फ-हेल्प फॉर द एल्डरली' ही संस्था ज्येष्ठांसाठी भोजन केंद्रं चालवते. तिथे चौकशी करा.

नातवाला शाळेतून आणायची वेळ मात्र सांभाळा. ते कामही त्यांच्याकडेच असणार, आणि त्यात अडचण आली तर घरचे पहिल्याच आठवड्यात नको म्हणतील. पहिले दोन दिवस गाडीने नेऊ नका. त्यांच्याबरोबर बसने जा, म्हणजे परतीचा थांबा कुठला ते त्यांना कळेल.