धोका कळत असूनही आपण गाडी तशीच का चालवतो?

तुमचा प्रश्न असा, की एरवी पै-पैचा हिशेब करणारी, शिकलेली माणसं राँग साइडने का घुसतात, सिग्नल का तोडतात? त्यांना भीती वाटत नाही का?

वाटते की, सुरुवातीला. पुण्यातल्या कर्वेनगरात मी बारा वर्षं गाडी शिकवतोय. शिकाऊ गाडीत माझ्याही पायाशी ब्रेक असतो. नवखा माणूस वीसच्या वेगाला घामाघूम होतो, मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमतात. तोच लायसन मिळाल्यावर सहा महिन्यांनी दिसतो, तेव्हा एक हात स्टेअरिंगवर आणि दुसऱ्यात फोन. मधल्या काळात हात बसला हे खरंच, पण त्याहून जास्त जमा झालं ते 'काही झालं नाही' याचं पुण्य. सिग्नल तोडला, काही झालं नाही, वर दोन मिनिटं वाचली. बक्षीस रोज रोख, शिक्षा उधारीवर. अशा मास्तरच्या हाताखाली कोणीही बिघडेल.

मीही बिघडलो. दिवसभर नियम शिकवायचे आणि संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना दोनशे मीटर राँग साइड, कारण यू-टर्न लांब. पहिल्या आठवड्यात अगदी कडेने, इंडिकेटर लावून, चोरासारखा जायचो. तिसऱ्या महिन्यात तो माझाच रस्ता झाला. जुलैतल्या एका संध्याकाळी, पाऊस, दिवे गेलेले, आणि समोरून एक सायकलवाले काका आले. आपल्या बाजूने, बरोबर. दोघांनीही करकचून ब्रेक दाबले आणि मीच ओरडलो, "ओ काका, बघून!" त्यांनी पाय टेकवला, चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "माझ्या मुलीला गाडी तुम्हीच शिकवलीत ना?"

मला बोलताच आलं नाही. पण आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर माझ्या त्या ओरडण्यातच आहे. चूक माझी असताना मला खरोखर वाटलं होतं, की काका मध्ये आले.

मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. त्यात अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांपैकी 93 टक्के आणि स्वीडनमधल्यांपैकी 69 टक्के जणांनी स्वतःला गटातल्या निम्म्यांपेक्षा कुशल चालक मानलं होतं. (पुण्यात विचारलं तर आकडा शंभराच्या पुढे जाईल.) धोका असतो तो बाकीच्यांना, आपला हात साफ आहे.

उरलेलं निम्मं उत्तर उशिरात आहे. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं, की नक्की तोटा समोर दिसला की तो टाळण्यासाठी माणूस जुगार खेळायला तयार होतो. घरून दहा मिनिटं उशिरा निघालेला माणूस वारज्याच्या चौकात तोट्यातच उभा असतो. म्हणून एरवी शेअर बाजाराला घाबरणारा गृहस्थ तिथे पिवळ्यावर गाडी घालतो. वाचतं किती? दहा किलोमीटर चाळीसने पंधरा मिनिटं, साठने दहा. तीही रस्ता मोकळा असेल तर, आणि आपल्याकडे तो कधी असतो? उलट धडक बसली तर साठच्या वेगातली ऊर्जा चाळीसच्या सव्वादोन पट.

पुण्याजवळच्या महामार्गावर, नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तेच मोठ्या प्रमाणात दिसतं. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले न्यूट्रलवर उतरतात. गिअर नसला की इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. पण शंभर वेळा तो धरलेला असतो, म्हणून एकशे एकाव्या वेळी शंका येत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एकाच अपघातात वीसहून अधिक गाड्या चेपल्या गेल्या, तरी सवयी तिथेच आहेत. दुसऱ्याच्या अपघाताची भीती दोन दिवस टिकते.

शिकायला येणाऱ्यांना मी आता एकच युक्ती सांगतो. उशीर झालाय ना? मग चावी फिरवायच्या आधी फोन करून सांगून टाका, "पंधरा मिनिटं उशीर होतोय." तोटा तिथेच मान्य झाला, की रस्त्यावर वसूल करायला काही उरत नाही. काहींना हे पटतं, काही हसतात.

मी स्वतः यू-टर्नला जातो, चार मिनिटं जास्त लागतात. ती राँग साइड मोकळी दिसली की हँडल अजूनही तिकडे वळायला बघतं.